पाच चेहरे, एक पान आणि मामांच्या शुभेच्छा

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ती अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मावसभावाने चार मित्रांना घेऊन बँड काढलाय. आठ गाणी बसवून झाली आहेत, त्यातली तीन रेकॉर्ड झालीत, कॉलेजांमध्ये दोन-तीन कार्यक्रमही झालेत. मामांच्या ओळखीने एका स्थानिक दिवाळी अंकात पूर्ण रंगीत पान सवलतीत मिळतंय. निम्मे पैसे मामा भरणार, पण त्याच पानावर त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातर्फे दिवाळीच्या शुभेच्छा हव्यात. जाहिरात करायचं काम, अर्थातच फुकट, हिच्या गळ्यात पडलंय. पाचही जणांना आपला फोटो इतरांएवढाच मोठा हवा. गिटारवाल्याला परदेशी मासिकांतल्यासारखी काळी पार्श्वभूमी हवी. बँडचं नाव इंग्रजी लिपीत हवं. खाली इन्स्टाग्राम, यूट्यूब, स्पॉटिफाय, ईमेल आणि तीन मोबाइल नंबर. "ताई, चार डिझाइनं केली, ग्रुपवर टाकली आणि प्रत्येकावर पाच मतं आली. फाइल द्यायला बारा दिवस उरलेत. पान वाया जाऊ नये आणि घरात वादही होऊ नये, असं काय करू?" असं ती विचारते. ओळख पटू नये म्हणून बँडचं आणि अंकाचं नाव गाळलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुझी चारही डिझाइनं पाहिली. हात चांगला आहे तुझा. तिसऱ्यात अक्षरांचा तोल तर छानच साधलाय. पण चारही पाहून झाल्यावर मला एवढंच कळलं की पाच मुलगे आहेत आणि त्यांच्याकडे वाद्यं आहेत. ते काय वाजवतात, कुठल्या भाषेत गातात, पान पाहणाऱ्याने पुढे काय करायचं, यातलं काहीच कळलं नाही. आणि मग पत्राच्या शेवटाकडे, मावसभावाची ओळख करून देताना तू सहज लिहून गेलीस की ड्रम किटच्या जोडीला त्यांच्यातला एक जण संबळ वाजवतो, आणि दोघं सटाण्याकडचे असल्यामुळे निम्मी गाणी अहिराणीत आहेत.

अगं, मग हे पानावर कुठे आहे?

तू मला विचारलंस ते मांडणीबद्दल: फोटो कसे बसवू, कोणाचं ऐकू, मामांची ओळ कुठे लपवू. पण पाच जण पाच मतं देतात ते त्यांची आवड वेगवेगळी आहे म्हणून नव्हे. ही जाहिरात कोणासाठी आणि कशासाठी, हे कोणी ठरवलेलंच नाही. ते ठरलेलं नसलं की प्रत्येक जण पानावर एकच गोष्ट शोधतो: मी कुठे आहे? तुझी पहिली दोन डिझाइनं म्हणजे या प्रश्नाची पाच समान उत्तरं आहेत.

गिटारवाल्या मुलाला परदेशी मासिकांतल्या जाहिराती आवडतात, त्यात वावगं काही नाही. काळं पान, मधोमध नाव, खाली रेकॉर्ड बाहेर पडण्याची तारीख, बस. पण ती जाहिरात कुठे चालायची ते बघ. ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'सारखं साप्ताहिक १९५२ पासून २०१८ च्या मार्चपर्यंत छापून निघत होतं आणि ते हातात घेणारा माणूस संगीतासाठीच घेत होता. आपल्याकडे अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं, त्याचा वाचकही तसाच. त्याला बँडबद्दल काहीतरी आधीच ठाऊक असायचं. मागच्या पानावर परीक्षण असायचं, मित्राने कॅसेट ऐकवलेली असायची. जाहिरातीने फक्त आठवण करून द्यायची. तुमच्या बँडचं नाव पाहून नाशिकमधल्या कुणाला काय आठवणार आहे? ज्याला कोणी ओळखत नाही त्याने अबोल राहून रुबाब दाखवला, तर तो रुबाब फक्त त्याला स्वतःलाच दिसतो.

आता दिवाळी अंकाचं पान डोळ्यांसमोर आण. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा प्रकार आपल्या घरात आहे आणि त्यातल्या जाहिरातींचा एक ठरलेला शेजार असतो. एका बाजूला पतसंस्थेच्या ठेवींचे दर आणि संचालक मंडळाचे पासपोर्ट फोटो. दुसऱ्या बाजूला पैठणीचं दुकान. पुढे साखर कारखाना, मग एखाद्या माजी नगरसेवकाचे हात जोडलेले. पाच गोल चौकटींत पाच चेहरे टाकलेत तर तुमचं पान संचालक मंडळाचं पान होईल. खरंच सांगते, तुझं दुसरं डिझाइन पाहून मी आधी व्याजदर शोधला.

हा अंक वाचतं कोण? बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढची मंडळी. तुझ्या मावसभावाला वाटत असेल, ही काय आपली ऑडियन्स? त्याचं बरोबर आहे, गाणी डोक्यावर घेणारी मुलं इथे नाहीत. पण कार्यक्रम ठरवणारी माणसं इथेच आहेत. वाचनालयाच्या कार्यकारिणीतले काका, सोसायटीच्या सांस्कृतिक समितीतल्या काकू, ज्यांच्या गळ्यात दरवर्षी स्नेहसंमेलन मारलं जातं त्या मराठीच्या बाई, रोटरीच्या पुढच्या कार्यक्रमासाठी 'काहीतरी वेगळं' शोधणारे डॉक्टर. यांना तुमचे चाहते व्हायचं नाहीये. पंचवीस मिनिटांत स्टेज लावणारा, वेळेवर येणारा आणि आई-वडिलांसमोर ऐकता येईल असं गाणारा संच त्यांना हवा आहे.

मग जाहिरात त्यांच्याशी बोलू दे. 'आम्हाला ऐका' आणि 'आम्हाला बोलवा' ही दोन वेगळी आवाहनं आहेत आणि एका पानात दोन्ही कोंबली की दोन्ही वाया जातात. नवीन अल्बमची तारीख ठरलेली असती, किंवा तिकीट लावून कार्यक्रम असता, तर मी वेगळं सांगितलं असतं: तारीख, नाट्यगृह आणि वेळ सगळ्यांत मोठ्या अक्षरांत घे. तुमच्याकडे आज तसं काही नाही. म्हणून 'बोलवा'.

यात वेळेचा हिशेबही आहे आणि तो तुमच्यापैकी कोणीच केलेला दिसत नाही. अंक हातात पडेल तेव्हा गणपती होऊन गेलेले असतील. दिवाळी पहाटेचे कलाकार केव्हाच ठरलेले असतील. मग पुढे काय येतं? डिसेंबर-जानेवारीतली स्नेहसंमेलनं, आणि २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो आणि त्यांच्याच गावात, नाशिकमध्ये, त्या आठवड्यात कॉलेजं, वाचनालयं, बँकांची कार्यालयं सगळीकडे कार्यक्रम शोधले जातात. दरवर्षी तीच भावगीतं, तोच काव्यवाचनाचा फड. तिथे अहिराणीतली नवी गाणी घेऊन येणारा, संबळ वाजवणारा बँड म्हणजे संयोजकाची चिंताच मिटली. पानावर एक ओळ पुरे: 'स्नेहसंमेलन, मराठी भाषा गौरव दिन आणि घरगुती समारंभांसाठी दीड तासाचा कार्यक्रम.' फक्त दीड तास खरोखर भरतो का, ते आधी त्यांना विचार. आठ गाण्यांत तो भरणार नाही. 'एक तास' लिहा, पण खरं लिहा.

एक पोटप्रश्न. कार्यक्रम भरायला ते जुन्या कवींच्या कविता घेणार असतील तर जाहिरातीत नावं टाकण्याआधी बघून घे. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कवितांना बिनधास्त चाल लावा. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तिथे परवानगी लागेल.

आता पान. तुला परदेशी मासिकं चाळायची गरज नाही, आपल्याकडे याचा उत्तम धडा रोजच्या पेपरात छापून येत आलाय: नाटकांच्या जाहिराती. दोन कॉलम रुंदीचा काळा-पांढरा चौकोन, आजूबाजूला तसलेच वीस चौकोन. नाटकाचं नाव रेखाटून काढलेलं, त्या अक्षरांवरूनच कळावं की विनोदी आहे की गंभीर. एखादा चेहरा. एक ओळ. मग नाट्यगृह, वार, वेळ. कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षं या जाहिरातींसाठी नावं रेखाटली. नाटक पाहायच्या आधी त्याचा स्वभाव प्रेक्षकाला त्या अक्षरांत भेटायचा. जुने पेपर वाचनालयात मिळतील. एक दुपार तिथे बस आणि फक्त हे बघ, की एवढ्याशा जागेत त्यांनी काय काय गाळलंय.

तुझ्या पानावर माझ्या मते चारच गोष्टी हव्यात: एक चित्र, बँडचं नाव, ते काय करतात हे सांगणारं एक वाक्य आणि संपर्क. मामांची पट्टी पाचवी, तिच्याकडे येतेच.

चित्र संबळाचं. मुलगा कमरेला संबळ बांधून उभा आहे, हातात ती टोकाला वाकवलेली काठी, आणि पाठीमागे अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या वायरींचा गुंता. चेहरा दिसला तरी चालेल, नाही दिसला तरी चालेल. देवीच्या गोंधळात, लग्नाच्या वरातीत संबळ पाहिलेला माणूस क्षणभर थबकेल, कारण ही वायर त्याने तिथे कधी पाहिलेली नाही. त्याखालचं वाक्य नटवू नकोस. 'पाच जण. स्वतःची गाणी. निम्मी मराठी, निम्मी अहिराणी. संबळ आणि गिटार एकाच मंचावर.' तुझ्या चौथ्या डिझाइनमध्ये 'सुरांचा नवा आविष्कार' असं आहे, ते आधी काढ. तसं कुठल्याही वाद्यवृंदाला म्हणता येतं, म्हणजे ते कोणाबद्दलच काही सांगत नाही.

उरलेल्या चौघांचं काय? वाद होणार तो इथेच. माझं मत: चौघांना छोटे चौकोन देऊन समजूत काढू नकोस, त्याने चित्रही बिघडतं आणि चौघंही नाराजच राहतात. एकतर पाचही जण एकाच फोटोत, संबळवाला पुढे, बाकीचे त्याच्या मागे आपापल्या जागी. किंवा फक्त वाद्यं, माणूस कोणीच नाही. पहिला पर्याय मला जास्त आवडतो. संयोजकाला माणसं दिसलेली बरी वाटतात. आणि पाचांची नावं, वाद्यांसकट, एका ओळीत सारख्या आकारात. समानता तिथे ठेव.

फोटो नव्याने काढा आणि दिवसा काढा. तू पाठवलेले कार्यक्रमातले फोटो मोबाइलवर झगझगीत दिसतात, पण ते निळे-जांभळे एलईडी छपाईत टिकत नाहीत. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो. कागदावर तो निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून उभा करावा लागतो आणि तो झगझगीत निळा त्या चार शायांच्या आवाक्यातच नाही. छापून आल्यावर तो मळकट जांभळा होतो आणि चेहरे त्यात बुडतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी, सावलीतली एखादी साधी भिंत बघा. मूळ फाइल कॅमेऱ्यातून किंवा ड्राइव्हवरून घे, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेला चालणार नाही, तो वाटेत बारीक होतो. हिशेब सोपा आहे: पान सात बाय साडेनऊ इंच धरलं तर इंचाला ३०० ठिपके या मानाने तुला निदान २१०० बाय २८५० पिक्सेल हवेत.

काळ्या पार्श्वभूमीबद्दल गिटारवाल्याला सरळ 'नाही' म्हणू नकोस, कागद दाखव. अंकात रंगीत पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर आहेत की साध्या मॅपलिथोवर, ते कचेरीला विचार. आर्ट पेपरवर काळं पान शोभू शकतं. मॅपलिथो शाई पितो. काळ्यातून पांढरी अक्षरं काढली की शाई कडेने आत सरकते आणि आपल्या लिपीत नेमक्या बारीक जागा पुष्कळ. 'क'चं पोट, 'ळ'चे दोन डोळे, 'श्र'ची गाठ, डोक्यावरचा अनुस्वार. बारा पॉइंटच्या पांढऱ्या मजकुरातला अनुस्वार बुजला की 'संबळ'चं 'सबळ' होतं, आणि तुमचं सगळं पान त्या एका टिंबावर उभं आहे. काळंच हवं असेल तर फक्त नाव त्यावर पांढऱ्यात, जाड वळणाचं. बाकी मजकूर खालच्या पांढऱ्या भागात काळ्यात. आणि तो मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेव, चारही शायांचा काळा करू नकोस. चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत सावली येते.

नाव इंग्रजी लिपीत का हवं, यावर तुमच्यात बोलणं झालंय का? कॉलेजच्या पोरांना ते वाचता येतं आणि बरंही वाटतं, मान्य. पण अहिराणीत गाणारा बँड, मराठी अंकात, मराठी भाषा गौरव दिनाचं आमंत्रण मागतोय आणि पाटी मात्र इंग्रजीत! फेसबुक-यूट्यूबवर नाव इंग्रजी लिपीत शोधलं जातं हे खरं, म्हणून ते लहान अक्षरात खाली असू दे. वरचं मोठं नाव देवनागरीत काढ. तुझं तिसरं डिझाइन मला आवडलं ते याचसाठी, तिथे तू हात चालवला आहेस. एकच दुरुस्ती: इंग्रजी अक्षरं ऐसपैस सुटी मांडायची फॅशन तू देवनागरीला लावलीस आणि शिरोरेषा तुटली. शिरोरेषा मुद्दाम तोडायची असेल तर रेखाटून तोड, सॉफ्टवेअरमधलं अंतर वाढवून नको. बाकी मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' किंवा 'बलू' हा फॉन्ट चालेल, दोन्ही मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. फॉन्टची भाषा 'मराठी' निवडायला विसरू नकोस. नाहीतर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात आणि पन्नाशीच्या वाचकाला ते लगेच खटकतं, का खटकलं हे सांगता आलं नाही तरी.

संपर्काला एक नंबर आणि एक क्यूआर कोड. तीन नंबर दिले की माणूस एकही लावत नाही. नंबर त्याचा द्या, जो फोन उचलतो आणि नीट बोलतो. बँडमध्ये असा एकच असतो, तो कोण हे तुम्हा सगळ्यांना माहीत असतं. कोड निदान दोन सेंटिमीटरचा, काळा, पांढऱ्यावर, चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडून, आणि शिलाईच्या बाजूला मुळीच नको; जाड अंक तिथे पूर्ण उघडत नाही. स्कॅन केल्यावर थेट एका गाण्याचा व्हिडिओ उघडू दे, संबळ पहिल्या पंधरा सेकंदांत ऐकू येईल असा. आणि हे महत्त्वाचं: फुकट साइटवरचे 'बदलता येणारे' कोड घेऊ नकोस, त्यांची मुदत अनेकदा संपते. दिवाळी अंक वाचनालयांतून उन्हाळ्यापर्यंत फिरत असतो. मे महिन्यात कोणी कोड स्कॅन केला आणि रिकामं पान उघडलं, तर तो दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही.

आता मामा. तू त्यांच्या ओळीला 'डाग' म्हटलंस, तिथे माझं तुझ्याशी पटत नाही. निम्मे पैसे ते भरताहेत, आणि दुसरं म्हणजे त्या अंकाच्या वाचकाला तुमच्यापेक्षा त्यांचं दुकान जास्त ओळखीचं आहे. वीस वर्षं गावात दुकान चालवणारा माणूस या पोरांच्या मागे उभा आहे, हे संयोजकाला दिसलं तर त्यात तोटा कसला? पानाच्या तळाशी साधारण दहाव्या हिश्श्याची पट्टी दे. त्याच फॉन्टमध्ये, त्याच रंगात: दुकानाचं नाव, भाग, 'यांच्यातर्फे दिवाळीच्या शुभेच्छा.' पणती नको, फटाके नकोत, मामांचा फोटोही नको. फोटोचा आग्रह झाला तर एवढंच म्हण की पोरांचेही सुटे फोटो घेतलेले नाहीत. आणि हे बोलणं फोनवर नको, प्रिंट घेऊन दुकानात जा. छापलेल्या कागदावर आपलं नाव नीट दिसतंय म्हटल्यावर माणसं पुष्कळ ऐकतात.

पूर्ण पान घ्यावंच का, हेही एकदा विचारून टाकते. सवलत आहे म्हणून घेताय, हे कारण पुरेसं नाही. आपल्या वाट्याच्या पैशांत उरलेल्या पाचांपैकी दोन गाणी चांगली रेकॉर्ड होणार असतील, तर मी अर्धं पान कृष्णधवल घेईन. वर सांगितलेल्या चार गोष्टी अर्ध्या पानात आरामात बसतात आणि संबळाचा फोटो काळ्या-पांढऱ्यात कदाचित जास्तच बोलेल. पण मामांचा वाटा फक्त पूर्ण पानासाठीच असेल, तर पूर्ण पान घ्या आणि त्यात जागा मोकळी सोडा. रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेले पैसे, असं मामांपासून मावसभावापर्यंत सगळे म्हणतील. शेजारच्या पानांवर इंचभर जागा मोकळी नसणार, म्हणून तर तुमचं पान दिसेल. जाहिरात दिली म्हणून संपादकांकडे बँडवर लेख छापायचा हट्ट मात्र धरू नका. चांगले संपादक त्याने दुखावतात आणि बाकीच्यांचा लेख वाचून कोणी तुम्हाला बोलवत नाही.

फाइलबद्दल. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोड, कापताना लागतं. मजकूर कडेपासून सेंटिमीटरभर आत, शिलाईकडे आणखी थोडा. काही छापखाने अजून युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टवर आणि जुन्या कोरलड्रॉवर आहेत; तुझा युनिकोड मजकूर तिथे उघडला की वेलांटी पळते आणि जोडाक्षरं फुटतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत काम करत असशील तर मजकुराला जोडाक्षरं नीट जुळवणारी 'वर्ल्ड-रेडी' मांडणी लाव, आणि पाठवताना सगळी अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदलून, पीडीएफ दे. त्याआधी मजकूर दोघांकडून वाचून घे. त्यातला एक बँडबाहेरचा असावा.

बँडला पटवायचं कसं? ग्रुपवर पाचवं डिझाइन टाकू नकोस. दोनच पर्याय खऱ्या आकारात छापून घे, गेल्या वर्षीच्या एखाद्या दिवाळी अंकात पतसंस्थेच्या पानासमोर सरकव आणि पाचांना एका खोलीत बसव. त्यांना मत विचारू नकोस. बँडची माहिती नसलेल्या एखाद्या शेजारच्या काकूंना बोलाव, अंक चाळायला दे, मग बंद करून विचार: "गाण्याबिण्याची एक जाहिरात होती, कशाबद्दल होती?" त्या 'संबळ' म्हणाल्या तर काम झालं. 'कोणी मुलं होती' म्हणाल्या तर झालं नाही. हे पाचांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की तुला वेगळं काही बोलावं लागणार नाही. शेवटचा शब्द कोणाचा, हे मात्र आधी ठरवून घे आणि तो एकाच माणसाचा ठेव. नाटक मंडळी, ढोल पथकं, भजनी मंडळं यांच्याकडूनही मला अशीच पत्रं येतात. तिथेही काम अडतं ते इथेच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. तू हे फुकट करते आहेस, घरचं काम आहे, ठीक. पण नाव रेखाटणं आणि एक पान मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पान दिवाळीबरोबर संपेल, ते अक्षर टी-शर्टवर, बॅनरवर, ड्रमवर वर्षानुवर्षं राहील. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या जॉन पॅश नावाच्या विद्यार्थ्याने रोलिंग स्टोन्ससाठी ती जीभ काढलेली ओठांची खूण काढली. मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. सुरुवातीला त्याला ५० पौंड मिळाले. २००८ मध्ये ते मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने लिलावात ९२,५०० डॉलरला घेतलं. तुमचं तसं होईलच असं नाही, पण मावसभावाशी आत्ताच एका कागदावर लिहून घे: नावाचं रेखाटन तुझं, बँडला वापरायची परवानगी कशाकशासाठी, किती वर्षं, आणि पुढे पैसे मिळू लागले तर तुला काय. आपल्या कायद्याप्रमाणे नोकरीत नसताना फुकट काढलेल्या अशा रेखाटनाचा हक्क मुळात काढणाऱ्याचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि कागदात मुदत व प्रदेश लिहिला नाही तर तो पाच वर्षांपुरता आणि भारतापुरताच धरला जातो. नाव आणखी कोणाचं नाही ना, हेही ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मनोरंजन सेवांच्या ४१ व्या वर्गात शोधून बघ. शोधायला पैसे पडत नाहीत आणि हे छापून यायच्या आधी कळलेलं बरं.

बारा दिवसांतले दोन हे पत्र पोचेपर्यंत गेले असतील. आज अंकाच्या कचेरीत फोन करून तीनच प्रश्न विचार: पानाचं कापल्यानंतरचं नेमकं माप काय, कागद कुठला, आणि उजव्या हाताचं पान मिळेल का. फोटो रविवारी सकाळी काढा. संबळवाल्याला सांग, काठी विसरू नकोस.

तुझी,
ताई